दगडाखालचा कोळसा

शिवणवालीचा सगळा जीव त्या हद्दीच्या दगडात अडकला होता. दगड तिच्या शिवणखोलीच्या भिंतीपासून चांगला दोन हात पलीकडे होता, म्हणून तर तिने मोजणीदाराला हसून "या" म्हटलं. नवरा गेल्यापासून घर चालत होतं ते त्या खोलीतल्या मशीनवर. आणि शेजारीच राहणाऱ्या धाकट्या दिराने अर्ज ठोकला होता की, खोली त्याच्या जागेत आहे. सख्खा दीर!

मोजणीदाराने पहारीने दगड उलथून खाली उकरलं. नुसती माती.

"हद्दीचा दगड रोवताना खाली कोळसा पुरतात," तो म्हणाला. "दगड हलवता येतो, कोळसा तिथेच राहतो. हा दगड हलवलेला आहे."

त्याने जागेच्या दुसऱ्या कोपऱ्यावरून फीत ताणली. फीत थेट खोलीत शिरली. मशीन बाजूला सारून फरशी उचलली, तर खाली काळाकुट्ट कोळसा.

"बघा!" दीर उसळला. "दादानेच दगड सरकवला!"

मेलेल्या माणसावर आळ घ्यायला काय जातंय! शिवणवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मोजणीदाराने दगडाकडे पाहिलं. "एकट्याने हलायचा नाही हा. दुसरा कोण होता?"

दिराने उजवा अंगठा मुठीत लपवला.

"अहो, असं काय करता?" त्याची बायको खिडकीतून ओरडली. बिचारी मदतच करत होती. "खोली बांधताना दादांबरोबर दगड उचललात, तेव्हाच नाही का अंगठा चेचला?"

शिवणवालीला हायसं वाटलं. "म्हणजे जागा तुम्हीच दिलीत, भाऊजी!"

"तोंडी दिलेलं मी धरत नाही," मोजणीदार म्हणाला. "पण दोघं कबूल असाल, तर हद्दीची खुंटी दगड होता तिथेच ठोकतो, नाहीतर कोळशावर. बोला."

दीर खाली बघत राहिला.

"दिली होती. पण दादाला दिली होती. दादा गेला."

"आणि मी? वहिनी, वहिनी म्हणून इतकी वर्षं हाक कुणाला मारत होतात?"

"म्हणजे कबुली नाही," म्हणत मोजणीदार खुंटी घेऊन खोलीत शिरला. खोली जाणार हे तिला कळलं होतं. पण तिला रडू फुटलं ते, खुंटी ठोकून होईपर्यंत दिराने एकदाही मान वर केली नाही म्हणून.