टिकटिक

आई कापडाच्या कारखान्यात जायला लागून अकरा वर्षं झाली होती. तेव्हा घरात एक खोली, एक दिवा, दोन खाटा. पाणी गल्लीच्या टोकाच्या नळाचं. आता खोल्या दोन, पंखे दोन, फ्रिज एक, नळ घरात, आणि विज्ञानाची पदवी एक. पदवी थोरल्या लेकीची, पण तीसुद्धा आईच्या मागावरच विणलेली. वरच्या मजल्याच्या भिंती कमरेपर्यंत येऊन थांबल्या होत्या. तिथे थोरलीला स्वतःची खोली मिळायची होती.

आईला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. नव्या शेडमध्ये दुप्पट वेगाचे माग आले होते. तिथे गेली की पगार वाढणार, मजला पुरा होणार. नाहीतर कापड तपासायच्या खोलीत जागा होती. तिथे आवाज नाही, पगारही बेताचा.

समोरच्या दारात मावशी उभी होती. कारखान्यात तिचा माग आईच्या शेजारीच. दोघी गल्लीच्या अल्याड-पल्याड नुसते ओठ हलवून बोलत. थोरलीला याचं भारी कुतूहल.

"मागांच्या खडखडाटात दुसरं काय करणार?" आई ऐटीत सांगे. "मुकादमाच्या तोंडावर त्याची टर उडवतो, त्याला पत्ता नाही!"

"आई, गॅस बंद करू का?" थोरलीने मागून विचारलं. आईची मान वळली नाही. थोरलीने पुन्हा विचारलं. मग समोर जाऊन विचारलं.

"कर की! त्यात विचारायचं काय?"

थोरलीच्या डोक्यात किडा वळवळला. आईचे कान तपासायला तिने गजराचं घड्याळ उचललं आणि गवंड्याची टेप शोधली.

"मी बहिरी?" आई उसळली. "अख्ख्या गल्लीच्या भानगडी मला पाठ आहेत!"

मावशी हसत आत आली. "बस गं. आयुष्यभर तू हिच्या परीक्षांना जागलीस, आता तुझी पाळी."

"मीटरभरावरून टिकटिक ऐकू आली तर नव्या शेडला जा," थोरली म्हणाली. "नाहीतर तपासणीला."

"आणि तुझी खोली?"

"ती बघू मग."

"शब्द दिला," आई म्हणाली आणि खुर्चीत बसली.

थोरली पलीकडच्या भिंतीपासून घड्याळ घेऊन हळूहळू पुढे आली. दोन मीटर चाळीसवर आई म्हणाली, "आली!" थोरलीचा जीव भांड्यात पडला. पण एका मोजणीवर कोण विश्वास ठेवतं? दुसऱ्यांदाही दोन मीटर चाळीस. तिसऱ्यांदा तिने पाठमोरं होऊन घड्याळातला सेल काढला.

"आली!" आई म्हणाली. तिथेच.

थोरलीने बंद घड्याळ तिच्यासमोर धरलं. मावशीचं हसू मावळलं.

"तू तिथं आलीस की भुवया वर करतेस," आई ओशाळून म्हणाली. "मला वाटलं, आता आली असणार."

"डोळे मीट, आई."

आईने डोळे मिटले, हात गुडघ्यांवर ठेवले. थोरलीने सेल बसवला. आधी उजवीकडून, मग डावीकडून, प्रत्येकी तीनदा. मग आईकडे घड्याळ देऊन ती स्वतः डोळे मिटून पलीकडच्या भिंतीला टेकली. मावशीने वहीत लिहून घेतलं.

थोरली: चार मीटर दहा, पुढे भिंत.
आई, उजवा कान: एकतीस सेंटीमीटर.
डावा: एकोणीस.