केबिनबाहेर ठेवलेलं स्टूल

मी बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, जरा खाली बघा. साहेबांच्या टेबलासमोर बुटकं लाकडी स्टूल दिसतंय ना, ते मीच.

माझा जन्म काही मुद्दाम झालेला नाही. या लॉन्ड्रीत दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. त्यांना इस्त्री करणारा मोठा रोलर आणला, तेव्हा तो एका भल्यामोठ्या लाकडी पेटीतून आला. रोलर हॉलमध्ये गेला आणि पेटीच्या फळ्यांतून सुताराने मला केलं. म्हणजे रोलर नात्याने माझा भाऊच. आज मात्र त्याचं नाव काढायची मला लाज वाटते.

मला करून घेतलं काकांनी. काका म्हणजे इथले जुने मॅनेजर. त्यांची एक रीत होती. कुणीही आत आलं की आधी "बस" म्हणायचं आणि मग बोलायचं. आलेला माणूस सुरुवातीला काहीतरी किरकोळ सांगायचा. साबण संपत आलाय, पंखा कुरकुरतोय, उद्या सुट्टी हवी. काका "बरं" म्हणायचे, हातातलं पेन खाली ठेवायचे आणि गप्प बसायचे. मग माझ्या कडा धरलेली बोटं चुळबुळ करू लागायची. मला लगेच कळायचं, आता खरं बोलणं येणार.

"तसं काही नाही काका, पण..."

या 'पण'साठीच तर काका थांबलेले असायचे. त्या बोटांनी माझ्या दोन्ही कडा झिजून गुळगुळीत झाल्या. काका चिडायचे, कधी खडसावायचेही. पण कुणाला उभ्या उभ्या वाटेला लावलं असं कधी झालं नाही.

काका निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. आवाज चढवत नाहीत, सगळ्यांना अहो-जाहो करतात, कुणाचं काम अडवून ठेवत नाहीत. पण आल्या आल्या त्यांची नजर माझ्यावर पडली.

"हे कशाला इथे? लोक एकदा बसले की उठायचं नाव घेत नाहीत."

झालं! मी दाराबाहेर गेलो आणि माझ्या डोक्यावर पाण्याचा जार आला. मला राग आला, खोटं कशाला बोलू? आतली कामं झटपट होऊ लागली. माणसं उभ्यानेच एक गोष्ट सांगायची, साहेब ती तिथल्या तिथे मार्गी लावायचे. शिवाय त्यांनी हॉलमध्ये एक फळा टांगला. काम ज्याच्यामुळे थांबेल त्याचं नाव त्यावर लिहायचं. नाव लागलेला माणूस दिवसभर मान वर करायचा नाही. बघता बघता सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं, आणि साहेबांना वाटलं, सगळं सुरळीत चाललंय.

रोलरवर थोरली काम करायची. दोन जावांतली ही मोठी म्हणून सगळे तिला थोरलीच म्हणत. तिची धाकटी जाऊ त्याच हॉलमध्ये घड्या घालायची. तिला हे काम थोरलीनेच मिळवून दिलं होतं. रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. हात आत ओढला जायला लागला की ती दाबायची, म्हणजे रोलर जागच्या जागी थांबतो. ती दांडी मधूनमधून अडकायला लागली होती. दाबली तरी रोलर फिरतच राहायचा.

हे सांगायला थोरली केबिनमध्ये आली. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, उद्या सुट्टी हवी होती. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय."

"घ्या की. रोलरवर तुमच्या जाऊबाईंना उभं करू. अजून काही?"

साहेबांचे डोळे कॉम्प्युटरवर होते. थोरलीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. दांडीचं बोललं की रोलर बंद, आणि रोलर बंद झाला की फळ्यावर नाव.

"नाही साहेब," ती म्हणाली. जाताना तिने जारमधून पाणी घेतलं. पेला भरला, पण प्यायली नाही.

दुसऱ्या दिवशी हॉलमधून किंकाळी आली. साहेब धावत गेले, जाताना त्यांचा पाय मला लागला आणि जार आडवा झाला. धाकटीच्या उजव्या हाताची बोटं गेली.

त्यानंतर दांडी दुरुस्त झाली, फळा उतरला आणि मी पुन्हा आत आलो. साहेबांनी स्वतः मला उचलून आणलं.

काही आठवड्यांनी धाकटी आली. साहेब म्हणाले, "बसा." ती बसली. डाव्या हाताने तिने माझी कड घट्ट धरली. उजव्या कडेवर नुसतं बँडेज टेकलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि गप्प राहिले. कुणी शिकवलं त्यांना, कोण जाणे.

"साहेब, जाऊबाई घरात माझ्यासमोर येत नाहीत. माझं ताट वाढतात आणि आत निघून जातात. त्यांनी मला आदल्या दिवशी बजावलं होतं, दांडीवर विसंबू नकोस म्हणून. पण चादरीची किनार बोटांत अडकली. मी दाबली हो दांडी, दाबली..." तिने बँडेजचा हात पदराखाली घेतला. "त्या तुम्हाला तेच सांगायला आल्या होत्या."

"मी विचारलं होतं त्यांना," साहेब हळूच म्हणाले. "अजून काही, म्हणून."

"उभ्या उभ्या विचारलंत, साहेब."

मला तेव्हा त्यांची दया आली, आणि माझ्या भावाची किळस.

आता ते प्रत्येकाला बसवतात. माणसं बसतात, हात मांडीवर ठेवतात, "काही नाही साहेब" म्हणतात आणि उठतात. माझी कड कुणी धरत नाही. तुमच्या हाताखाली चार माणसं असतील, तर माझं एवढं ऐका. त्यांना आज बसवा, आणि त्यांचं दुसरं वाक्य येईपर्यंत तुम्हीही बसून राहा.

काल साहेबांनी थोरलीला बोलावलं. मला पुढे सरकवलं, स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, बसा ना."

"नको साहेब," ती म्हणाली. "आता काय सांगायचंय?"

ती उभीच राहिली.