नऊ शून्यं

कृष्णातनं खिशातलं स्वतःचं पेन काढलं आणि दवाखान्यानं दिलेल्या कागदावरच्या नऊ प्रश्नांसमोर नऊ शून्यं मांडून तो मोकळा झाला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोला, पूर्णिमाला, पिशवीतला चष्मासुद्धा अजून सापडला नव्हता.

"वाचलासा का तरी?"

"वाचलं की."

कसलं वाचलं! शिरोलीच्या फौंड्रीत बावीस वर्षं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, तपासणारा माणूस. रकाने दिसले की हात आपोआप चालायचा. पण गेले चार महिने तो घरात असून नसल्यासारखा होता. ताटातलं ताटात, डोळ्याला डोळा नाही. शेवटी पूर्णिमानंच त्याला दवाखान्यात ओढून आणलं होतं.

समुपदेशक दानेश्वरी गडहिंग्लजकडची, त्याच्या पुतणीच्या वयाची. तिनं कागद पाहिला आणि त्याच्यापुढं परत ठेवला.

"काका, गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं, तेवढंच लिहायचं. कधीच नाही तर शून्य, काही दिवस तर एक, निम्म्याहून जास्त दिवस तर दोन, रोजच्या रोज तर तीन. निवांत लिहा."

आता तो खरंच वाचायला लागला आणि पार गोंधळून गेला.

"मॅडम, झोप लागत न्हाय किंवा लई लागती, हे एकाच रकान्यात? आमच्यात भोक पडलं तर येगळं लिवत्यात, तडा गेला तर येगळं."

"त्यातलं जे होत असेल ते धरा."

"आन माप कशानं घ्यायचं?"

"तुम्हीच सांगायचं, काका."

इथंच सगळं अडलं. कास्टिंगलाच विचारून कुणी कधी माल पास केला होता? मंगळवारी टीव्ही बघताना तो एकदा हसला होता, तो दिवस कुठं धरायचा? त्यानं बोटांवर दिवस मोजून पाहिले. सगळे सारखेच निघाले. आपल्याला काय झालंय हे त्याला खरोखरच कळत नव्हतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

नवव्या प्रश्नावर पेन थांबलं. मेलेलं बरं, असं वाटतं का?

गेल्या गुरुवारी पाळी सुटल्यावर त्यानं पंचगंगेच्या पुलावर गाडी लावली होती आणि कठड्याला धरून तासभर खाली पाहत उभा राहिला होता. घरी सांगितलं, पंक्चर झालं. पूर्णिमानं चहा टाकता टाकता रस्त्यावरच्या खिळ्यांना शिव्या घातल्या होत्या.

त्यानं वरपासून खालपर्यंत आपली शून्यं पाहिली. एकाच मापाची, एका दमात काढलेली. दुसऱ्या पाळीच्या तपासनीसाचा असलाच कागद त्यानं मागं सगळ्यांदेखत फाडला होता. एकसारखे आकडे म्हणजे मापच घेतलेलं नाही, हे त्याचंच बोलणं.

"मॅडम, ह्यो कागद खोटा हाय," तो म्हणाला. "दुसरा द्या."

दानेश्वरीनं त्याच प्रश्नांचा कोरा कागद दिला. त्यानं शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात केली. एक लिहिला. मग तो खोडून दोन लिहिला आणि कारखान्यात करतात तशी खोडलेल्या आकड्याशेजारी बारीक सही केली.

पूर्णिमाला चष्मा सापडला होता. ती वाकून बघायला लागली, तेव्हा त्यानं कागदावरचा हात बाजूला घेतला.

"गुरुवारी," तो तिला म्हणाला, "गाडी पंक्चर न्हवती."