झुंबरबाईंनी न दाखवलेलं दार

दुपारची वेळ होती. झुंबरबाई ओट्यावर कळण्याच्या भाकरीचं पीठ चाळत बसल्या होत्या आणि आत त्यांचा मुलगा अभिमन बायकोला मारत होता. चहा गार दिला, एवढंच निमित्त. पुष्पाची किंकाळी ऐकून शेजारची बेबाबाई कुंपणाशी आली. मान वर न करता झुंबरबाई म्हणाल्या, "घरनी गोष्ट शे, माय. तू जाय."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. पुष्पा दोनदा माहेरी पळाली, दोन्ही वेळा झुंबरबाईंनीच तिला समजावून परत आणलं. "नवरा मारस, पन सांभाळसबी तोच," असं त्या सांगत.

आजवर बेबाबाई मुकाट परत जायची. त्या दिवशी ती पोलीस पाटलाकडे गेली. अमळनेरहून फौजदाराची जीप आली, तोवर अभिमनने आतून कडी घातली होती. डुकरं हाकलायची ठासणीची बंदूक खिडकीतून बाहेर आली.

"कोनी पुढे उना तर हिले मारी टाकसू!"

फौजदार झुंबरबाईंजवळ वाकला. "आजी, मागून आत जायला वाट आहे का?"

होती. गोठ्यातून स्वयंपाकघरात उघडणारं, कडब्याच्या पेंढ्यांआड दडलेलं दार. पण शिपायाच्या हातातली रायफल त्यांना दिसली, आणि पोटचं पोर डोळ्यांसमोर आलं.

"नही," त्या म्हणाल्या.

फौजदार बाहेरून अभिमनला समजावत राहिला. उन्हं कलली. आत पुष्पा पाणी मागत होती, तेही ओट्यावर ऐकू येत होतं. मग बार झाला.

शिपायांनी दार फोडलं. पुष्पा वाचली, पण धुळ्याच्या दवाखान्यात तिचा उजवा हात कोपरापासून कापावा लागला. झुंबरबाई रोज जायच्या आणि वॉर्डाच्या उंबऱ्यावरूनच परतायच्या.

जळगावला खटला उभा राहिला. भाऊबंदांतले सुकदेवनाना येऊन म्हणाले, "वहिनी, पोलीससंगे झटापटमा बार उडना, इतलंच सांगा. पोऱ्या सुटी जाई."

झुंबरबाई साक्षीच्या पिंजऱ्यात चढल्या, तेव्हा बचावाच्या वकिलानेही तेच विचारलं. समोर अभिमन हात जोडून उभा होता. झुंबरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"नही साहेब. पोलीस दूर व्हतात. त्यानीच बंदूक झाडी. आनि मांगे दार व्हतं, ते मी दाखाडं नही. माले सजा कोन दी?"

न्यायाधीशांनी वकिलाला पुढे चालू ठेवायला सांगितलं.

अभिमनला सक्तमजुरी झाली. निकालानंतर कोर्टाच्या आवारात झुंबरबाई सुनेसमोर उभ्या राहिल्या. "पोरी, मी कोर्टमा खरं सांगं."

पुष्पाने डाव्या हाताने पदर सावरला. "हां, सांगं खरं, आत्याबाई. पन इतला वरीस मना आवाज तुमले आयकू येत नही व्हता का?"

पुष्पा बापाबरोबर फाटकाबाहेर गेली.

ऐकू येत होता. साऱ्या गल्लीला ऐकू येत होता.