कल्ला दाखव म्हणावं

बर्फ खाली, कोकिळा वर.

एवढं तिला कळलं होतं. पुढचं कळत नव्हतं. बर्फाच्या खाली पाणी, पाण्यात मासळी, आणि मासळी जिवंत. रेवसच्या मासळीबाजारात उलट असतं. आधी मासळी मरते, मग तिच्यावर बर्फ पडतो.

"आई, आपण तळ्याच्या मधोमध उभे आहोत," हितेश म्हणाला.

"मग बुडत का न्हाय?"

"हातभर जाड आहे बर्फ."

मुलगा उरणला बंदरात कंटेनरचे कागद बघायचा. जानेवारीतली सुट्टी आणि कझाकस्तानातल्या अल्माटीची स्वस्त तिकिटं एकदम हाती लागली, म्हणून आईला घेऊन आला होता. टूरच्या कागदावर तिसऱ्या दिवसापुढे लिहिलं होतं: डोंगरातल्या तळ्यावर बर्फातली मासेमारी, गाइडसह.

"मासे पकडाया गाइड?" तिने विमानतळावरच विचारलं होतं. "वाट चुकतात काय मासे?"

गाइडने गिरमिटाने बर्फाला भोक पाडलं. भोकातून काळं पाणी वर आलं आणि काठाशी थांबलं. त्याने तिच्या हातात वीतभर काठी दिली, गळाला अळी लावली आणि स्वतःच्या फोनशी काहीतरी बोलला. फोन हिंदीत म्हणाला, "यहाँ बैठो. मछली को शक नहीं होना चाहिए."

"कसला शक?"

"गप बस, असं म्हणतोय," हितेश म्हणाला.

ती भोकाकडे बघत बसली.

रेवसच्या बाजारात कोकिळा बसते. तिच्या डावीकडे कमळाबाई. कमळाबाईच्या डावीकडे सत्यवती, कोकिळाची थोरली बहीण. सहा वर्षं झाली, दोघी बोलत नाहीत. कोयता हवा असला की, "कमळाबाई, कोयता दे म्हणावं तिला." बहिणीला ऐकू गेलेलंच असतं. तरी कमळाबाई सांगते. मगच कोयता येतो.

सहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, "पापलेटं बर्फातली नाहीत ना?"

"आयची शपथ, आताची हायेत!" कोकिळा म्हणाली.

सत्यवतीने उठून एका पापलेटाचा कल्ला उचलला. आत तपकिरी, शिळ्या मासळीचा असतो तसा. गिऱ्हाईक गेलं. सत्यवती एवढंच म्हणाली, "आयची? आपल्या आयची?"

आठव्या दिवशी आई गेली.

साखर होती, वय होतं. डॉक्टरने सांगितलं ते सगळ्यांनी मान्य केलं. सत्यवतीनेही केलं असेल. तिने कधी तोंड उघडलं नाही. आणि कोकिळा सहा वर्षं सांगत राहिली, कमळाबाईला, भिंतीला, उशीला: ताजीच होती.

काठी वाकली.

हात तिचेच होते, ओढ ओळखीची होती. भोकातून वीतभर मासा वर आला. पाठीवर काळे पट्टे, पर लाल, तोंड उघडं. नाव माहीत नाही. नाव नसलेला मासा विकायचा कसा, हे आधी मनात आलं.

हितेशने फोटो काढून बाजाराच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: आईने बर्फातून काढला.

"काय लिवलंस?"

त्याने वाचून दाखवलं.

"बर्फातून? पूस ते! आधी पूस!"

"अगं, पण बर्फातूनच..."

ग्रुपवर हसणारी तोंडं येऊ लागली होती. मग रेकॉर्ड केलेला आवाज आला. सत्यवतीचा.

"कमळाबाई, कल्ला दाखव म्हणावं तिला."

कोकिळाने हातमोजा दातांनी ओढून काढला. कल्ला उचलला. थंडीने बोटं कुणा दुसऱ्याची वाटत होती. आत लाल. कुंकवासारखा लाल, आणि हलत होता.

फोटो गेला.

गाइड माशाकडे बोट दाखवून फोनशी बोलला. फोन म्हणाला, "यह लड़की छोटी है. इसको घर भेजो."

"कोण लडकी?"

"मासा लहान आहे, सोडून दे म्हणतोय."

"थांब म्हणावं त्याला." तिने मासा पाण्याच्या बादलीत ठेवला.

सत्यवती: "लाल हाय. कमळाबाई, ताजी हाय म्हणावं."

बर्फातली. आणि ताजी. दोन्ही खरं. मग तेव्हाची शपथ? ती कुठल्या बाजूला धरायची? पायाखाली बघितलं तर बर्फ. बर्फाखाली काय, ते दिसत नव्हतं.

तिने फोन घेतला, बटण दाबून धरलं.

"कमळाबाई, तिला सांग..." पुसलं.

"कमळाबाई, ताय काय करतेय..." पुसलं.

"आई, हात गारठेल," हितेश म्हणाला. ती त्याच्याकडे पाठ करून बसली.

"कमळाबाई, तिला सांग. ही बर्फातली हाय पन ताजी हाय. तवाची नुसती बर्फातली होती. मना ठाव होतं. शपथ घेतली तवा पन ठाव होतं."

हे गेलं. पुसायला बोट उठलं नाही.

तिने मासा भोकात सोडला. तो क्षणभर तसाच राहिला, खाली कुठे हे त्यालाही कळत नसल्यासारखा. मग गेला.

ग्रुपवरची हसणारी तोंडं थांबली. गाइडने थर्मासातून चहा ओतून दिला, बिनदुधाचा. ती प्यायली आणि कसा लागला ते तिला कळलं नाही.

फोनवर निरोप वाजला. सत्यवती.

"कोकले, कमळाबाई जेवाया गेलीय. तिला कशाला सांगतेस?"

कोकिळाने पुन्हा लावलं. पुन्हा ऐकलं. मग फोन हितेशच्या कानाला लावला.

"ऐक," ती म्हणाली. "हे कुनाला बोलली ती?"