कचेरीतला लांब बाक

मित्रांनो, मी एका सरकारी कचेरीतला जुना लाकडी बाक आहे. माझ्यात सांगण्यासारखे काही आहे का, याची मलाच शंका आहे. तरी घटकाभर ऐका.

सुताराने मला सात माणसांसाठी केले, बसत नऊ. लोक रांगेत आपली पिशवी ठेवून माझ्यावर येऊन टेकत. पिशव्या उभ्या, माणसे बसलेली. "बाक आहे म्हणून बरं," असे म्हणत. पुढे माझा एक पाय डुगडुगू लागला आणि कौतुक संपले.

मग कचेरीची अर्धी जागा दुसऱ्या खात्याला गेली. उरलेल्या जागेत सगळे बसवायला नकाशेवाल्या बाई आल्या. नेमक्या जेवणाच्या सुट्टीत. रांगेत पिशव्या ठेवून माणसे बाहेर गेली होती.

"या बाकावर कोणी बसतं का?" बाईंनी टेप गुंडाळत विचारले.

"आत्ता तरी कोणी नाही," शिपाई डबा सोडत म्हणाला.

"मग काढा. तिथे कामाच्या दोन खिडक्या बसतील."

मला मागच्या व्हरांड्यात टाकले; तिथल्या दारातून आतले सगळे दिसे. खिडक्या झाल्या, कामे भराभर होऊ लागली. खोटे कशाला बोलू? पण रांग काही सरली नाही, आणि टेकायला जागा उरली नाही.

एकदा एक आजी आल्या. त्या दिवशी शिक्का मिळाला नसता, तर त्यांचे दवाखान्याचे कार्ड बंद होणार होते. उभ्या उभ्या त्यांचे पाय थरथरू लागले. त्या परत निघाल्या.

"अहो आजी, दोघंच तर आहेत पुढे!" शिपाई म्हणाला.

"त्यांच्या आधी माझे गुडघे बसतील रे. साहेबांना सांग, म्हातारी येऊन गेली."

झालेले काम बघायला आलेल्या नकाशेवाल्या बाईंनी हे ऐकले. "इथे बसायला काहीच नव्हतं?"

"होतं की. तुम्हीच काढायला लावलंत," शिपाई म्हणाला.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आजींना हाताला धरून माझ्यावर आणून बसवले.

"अगं, पण माझा नंबर?"

"पिशवी द्या इकडे." आणि बाई ती पिशवी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. आजींना शिक्का मिळाला.

पुढच्याच आठवड्यात बाईंच्या सांगण्यावरून सुताराने मला कापले आणि बिजागऱ्या लावून खिडक्यांसमोरच्या भिंतीला जोडले. आता तिघेच बसतात. उठले की मी मिटतो. थकलो आहे, पण कामात आहे.

मित्रांनो, उठताना मला दाणकन सोडू नका, बिजागऱ्या दुखतात. आणि मिटलेला असलो की लोकांना मी नुसती फळी वाटतो. कोणी गुडघा चोळत उभे दिसले, तर मला उघडा आणि त्यांना सांगा, "इथे बसता येतं."