भांडी सोड, माणूस धर

मित्रांनो, लांबून पाहिलंत तर मी तुम्हाला एखाद्या मोडक्या दाराची फळी वाटेन. पण मी एक जुना फळा आहे. आशागडच्या पुढे एका पाड्यावर आमची शाळा आहे, तिथला.

गावच्या सुताराने मला घडवलं, काळा रंग दिला आणि वर 'आजचा सुविचार' असं रेखलं. २०१४ च्या जूनमध्ये मी शाळेच्या ओसरीत टांगला गेलो. प्रभाबाई रोज सकाळी पुस्तकातला सुविचार माझ्यावर उतरवत. मुलं तो एका सुरात म्हणत आणि खेळायला पळत. मला वाईट वाटे.

बाईंनाही वाटत असावं. एकदा त्यांनी विचारलं, "सुविचाराला तुमच्या घरी काय म्हणतात रे?"

"म्हण!" बरेच जण ओरडले.

"माझी आई गुजरातच्या सीमेवरच्या झाईची. ती कहेवत म्हणते," दर्शन म्हणाला.

निलम जरा घुटमळली. "आमच्याकडं नाव नाय, बाई. आई नुसतं म्हणते, जुनी माणसं सांगून गेली."

"मग उद्यापासून जुन्या माणसांचंच आणा," बाई हसून म्हणाल्या.

तेव्हापासून माझे दिवस पालटले. 'आंबा लावावा तो नातवासाठी.' 'ओहोळात पुढच्याचं पाऊल बघ.' शेजारचे भिकाबाबा तर आपलं वाक्य मुलांच्या तोंडून ऐकायला कुंपणापाशी येऊन उभे राहत.

पुढे शाळेला रंगीत छापील फलक मिळाले. त्यांवरची अक्षरं कधी बदलत नसत. मी मात्र झाडू-बादल्यांमागे जाऊन पडलो. अंगावर धूळ साचली, कोपऱ्याला वाळवी लागली.

मग २०१८ च्या हिवाळ्यात जमीन हलू लागली. आज धक्का, उद्या पुन्हा. छताखाली बसायची कुणाची छाती होईना. शाळा आंब्याखाली भरू लागली आणि बाईंनी मला बाहेर काढून, पुसून खोडाला टेकवलं. मोठी माणसंही भीतीने तिथेच येऊन बसत. निलमची आई रूपी मात्र प्रत्येक धक्क्याला उलटी घरात धावे. लग्नात मिळालेला पितळी हंडा तिला बाहेर काढायचा असे.

"जुन्या माणसांनी यावर काही सांगून ठेवलंय का?" बाईंनी भिकाबाबांना विचारलं.

"नाय बाई. आमच्या बापानंही असं बघितलं नाय."

"मग आपणच करू या."

सगळे विचारात पडले. "भुई हलली का पयली वाट धरायची," भिकाबाबा म्हणाले.

"आणि रूपीला सांगा, भांडी सोड!" शेजारीण बायजी म्हणाली. सगळे हसले, रूपीसुद्धा.

"भांडी सोड, माणूस धर!" निलमने जोडून दिलं. बाईंनी ते ठळक अक्षरांत माझ्यावर लिहिलं: 'भुई हलली, वाट धर, भांडी सोड, माणूस धर.' दोन दिवसांत ते पाड्यातल्या लहानथोरांच्या तोंडी बसलं.

एका दुपारी मोठा धक्का आला. मी खोडावरून घसरलो. समोरच्या घरातून रूपी तान्ह्या बाळाला काखेत घेऊन दारापर्यंत आली आणि हंड्यासाठी मागे वळली.

"आई, भांडी सोड!" निलम किंचाळली.

"माणूस धर!" सगळी मुलं एका आवाजात ओरडली.

रूपी थबकली. बाळाला छातीशी आवळून तिने अंगणात उडी घेतली आणि मागची भिंत चुलीवर कोसळली. धुरळ्यात काही दिसेना. तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं! बायजी हसत होती, डोळे पुसत होती.

जरा वेळाने रूपी माझ्यापुढे येऊन बसली. तिला वाचता येत नव्हतं. "निलम, यातलं 'माणूस' कुठलं?"

निलमने बोट ठेवलं. रूपीने त्या अक्षरांवर हलकेच हात टेकला. "एवढंसंच हाय गं!" ती म्हणाली आणि हसली.

आता मी पुन्हा ओसरीत आहे. मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, पण त्याहून मोठं मागणं वेगळंच आहे. घरात कुणी शहाणं काही बोललं, तर ते घरातच ठेवू नका. माझ्यावर आणून लिहा. जागा पुरली नाही, तर कालचं खुशाल पुसा. तोवर ते साऱ्या गावाचं झालेलं असेल.